खडूच्या फुलीवरचा माणूस

दोन माणसं एकच भाषा बोलतात, एकमेकांपासून चार फुटांवर उभी आहेत, दोघांनाही उत्तम ऐकू येतं, आणि तरीही त्यांच्यामध्ये दुभाषी उभा करावा लागतो, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. जवळजवळ वर्षभर, रोज सकाळी सात वाजता, शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गोदामाच्या बांधकामावर. त्या दुभाष्याचं नाव बात्बायर. तो मंगोलियाचा होता.

आमचे इंजिनियर पार्क दक्षिण कोरियाचे. गिलावा करणारे बावीस गवंडी उत्तर कोरियाचे. त्या गवंड्यांवर त्यांच्याच सरकारने पाठवलेला एक मुकादम होता. त्याला सगळी साइट कॅप्टन म्हणायची. परवानगीशिवाय या बाजूच्या माणसाने त्या बाजूच्या माणसाशी बोलायचं नाही, असे दोन्हीकडचे नियम होते. भिंती तर सरळ व्हायला हव्या होत्या. म्हणून कंपनीने मध्ये बात्बायर ठेवला. पार्क कोरियनमध्ये म्हणत, "ही भिंत ओळंब्यात नाही." बात्बायर कॅप्टनकडे वळून त्याच कोरियनमध्ये म्हणे, "ही भिंत ओळंब्यात नाही." कॅप्टनने ते आधीच ऐकलेलं असे. पण बात्बायरचं बोलून होईपर्यंत तो चेहरा कोरा ठेवून थांबे, मग उत्तर देई, आणि ते उत्तर बात्बायर पुन्हा पार्कना ऐकवी.

यात बात्बायरचा स्वतःचा एक नेम होता. कामावर आला की तो दोघांच्या मधलं अंतर पावलांनी मोजायचा आणि बरोबर मध्यावर खडूने फुली मारायचा. तिथेच उभा राहायचा. पार्क हसले तरी तो हसत नसे, कॅप्टन ओरडला तरी तो ओरडत नसे. पण शब्द मात्र दोघांचेही पूर्ण पोचवायचा. "एक शब्द जास्ती नहीं, एक शब्द कम नहीं. मैं बीच में है. बीच वाला आदमी सीधा खड़ा रहना मांगता," असं तो म्हणे. त्याची हिंदी आखातात शिकलेली होती, तिथल्या सगळ्यांसारखी.

आमच्या खोलीतले शिर्केमामा पाइप फिटर होते, चिपळूणकडचे. एकदा लांब पाइप खांद्यावर घेऊन ते आले आणि म्हणाले, "बायरभाऊ, जरा बाजूला व्हा. मला जाऊ द्या."

"पूछा?" बात्बायर म्हणाला.

"कुणाला विचारायचं? तुमच्या पायाला?"

"दोनों को."

मग त्याने पार्कना विचारलं, कॅप्टनला विचारलं, दोघांनाही एकेक फूट मागे सरकवलं, जुनी फुली बुटाने पुसली, नवी मारली आणि मग मामांना म्हणाला, "यल्ला, अब जाओ." मामा पाइप घेऊन तसेच उभे होते. "ह्याच्या देशात रस्ता ओलांडायला मंत्रिमंडळाची बैठक लागत असेल," असं ते जाता जाता म्हणाले.

"पूछा?" हा त्याचा शब्द होता. कुणी त्याची थापी उचलली, "पूछा?" कुणी झोपलेल्या माणसाचा फोटो काढला, "पूछा?" मला या शब्दाचा फार राग येई.

मी त्या साइटवर टाइमकीपर होतो. हजेरी घ्यायची, वही पोर्टा केबिनमध्ये नेऊन द्यायची. पण मी स्वतःला टाइमकीपर समजत नव्हतो. माझे वडील बार्शीला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. गिरणीच्या संपाची, मोर्चाची, निषेधाची पत्रकं त्यांच्या हातून गेली. आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. चुकलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आणि पाढे पाठ झाल्यावर पान उलटून दुसरी बाजू वाचली. अन्याय दिसला की लिहायचं, लिहिलं की तो उघडा पडतो, उघडा पडला की थांबतो, हे मला पाढ्यांइतकंच पाठ होतं. साइटवर ते बावीस लोक ओळीने उतरत, ओळीने जेवत, ओळीने बसमध्ये चढत. त्यांचे पासपोर्ट कॅप्टनकडे. कुणी एकटा पाणी प्यायलाही जात नसे. आणि त्यांच्यासमोर खडूच्या फुलीवर हा माणूस सरळ उभा. मला तो भित्रा वाटायचा.

शारजाला लागूनच, दुबईतल्या अल कुसैसला कंपनीची खोली होती. तिच्यात मी, शिर्केमामा आणि बात्बायर असे तिघं राहायचो. तो चहात साखरेऐवजी मीठ घालायचा. त्याच्याकडे तशी रीतच आहे, दूध आणि मीठ. मामांनी पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "बायरभाऊ, ह्याच्यात दोन आमसुलं टाका आणि भातावर वाढा." बात्बायरने खरंच आमसुलं मागून घेतली, टाकली, प्यायला, आणि म्हणाला, "नहीं. खराब." पण पुढे रोज तो मामांचा साखरेचा चहा वेगळा करून ठेवायचा.

शुक्रवारी सुटी असे. तेव्हा तो बोलायचा. विद्यार्थी म्हणून तो चार वर्षं प्याँगयांगला होता. सरकारनेच पाठवलं होतं. परत आल्यावर आपल्या परराष्ट्र खात्यात दुभाषी झाला. त्याचा देश उत्तर कोरियाला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांपैकी. कोरियन युद्धात त्यांनी घोडे पाठवले, धान्य पाठवलं, आणि तिकडची अनाथ मुलं आपल्याकडे आणून काही वर्षं सांभाळली. मग १९९० साली त्यांनी दक्षिणेशीही संबंध जोडले. उत्तरेला राग आला. पुढे काही वर्षांनी उत्तरेने त्यांच्या राजधानीतला आपला दूतावासच बंद केला.

"उस दिन मैं देखने को गया," तो सांगायचा. "कपाट बाहर, कुर्सी बाहर, सब ट्रक में. उधर का खाना बनाने वाला मेरे को पहचानता था. उसने एक बरनी दिया. किमची का, उधर के अचार का बरनी, खाली. बोला, ट्रक में टूटेगा, तुम रखो. मेरी माँ के घर में है. वो लोग वापस आएगा, तो देगा."

"आणि नाही आले तर?"

"तो रखेगा."

मी म्हणायचो, हे कसलं परराष्ट्र धोरण? एकीकडे माणसं उपाशी मरतात, दुसरीकडे परदेशी सैन्याचे तळ, आणि तुम्ही मध्ये बरणी सांभाळत बसता? तो शांतपणे सांगायचा की त्याच्या देशाला दोनच शेजारी, आणि दोन्ही प्रचंड. "हम बंदूक लेके किसको डराएगा? इसलिए हम बोला, हमारी जमीन पे किसी का अणुबम नहीं. तुम्हारा भी नहीं, उसका भी नहीं. और बोला, झगड़ा है तो इधर आके बैठो. हमारे घर में जगह बहुत है." त्याच्या खात्यात अशा बैठकांचे प्रस्ताव लिहिले जात. दोन्ही कोरिया, जपान, चीन, रशिया, अमेरिका, सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं. एका टेबलाच्या नकाशात कोणाची खुर्ची कुठे, हे त्याने स्वतः काढलं होतं. ती बैठक झाली नाही. नव्वदच्या दशकात तिथले पगार आटले आणि तो आखातात आला.

"म्हणजे खुर्च्या मांडल्या आणि कुणी आलं नाही," मी म्हणालो.

"हाँ," तो म्हणाला. "पर कुर्सी था."

आता री. री हा त्या बावीसांपैकी एक, पस्तिशीचा, कोपरे काढण्यात सगळ्यांत तरबेज. एका दुपारी तो आतल्या खोलीत गिलावा करताना काहीतरी गुणगुणत होता. बात्बायर दाराशी होता. तो थांबला. मंगोलियात आया बाळाला झोपवताना गातात ती चाल होती. री कोरियन, उत्तरेतला, इथे येईपर्यंत कधी देशाबाहेर न पडलेला. दुसऱ्या दिवशी बात्बायरने मिठाचा चहा एका पेल्यात आणून त्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेला. रीने पेला उचलला, वास घेतला आणि तिथेच खाली बसला.

हळूहळू, चार-सहा शब्दांत, भिंतीकडे तोंड करून, त्याने सांगितलं. त्याची आई त्या अनाथ मुलांपैकी होती. सात वर्षं ती उलानबातरच्या बालगृहात वाढली. तिथे दुल्मा नावाची एक तरुण आया तिला झोपवायची. मग सगळ्या मुलांना परत नेलं. आई अजून त्या बाईची आठवण काढते. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की दुल्मा आहे का. रीला बाकी काही नको होतं. पळून जायचं नव्हतं. घरी बायको होती, मुलगी होती, आई होती. हे सगळे तिकडे असताना त्याच्याकडून एक पाऊल वाकडं पडलं तर काय होईल, हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

दुल्माचा शोध घ्यायला बात्बायरने आपल्या आईला पत्र लिहिलं. उत्तराला चार महिने लागले.

ज्या दिवशी उत्तर पोचवलं गेलं, त्या दिवशी मी हजेरीची वही घेऊन तिथेच होतो. कॅप्टन कसल्याशा कागदांसाठी अबुधाबीला गेला होता. त्याच्या जागी रीला उभं केलं होतं. बाकीचे बाहेर परांचीवर होते आणि बाहेर मिक्सर चालू होता. पार्क पूर्वेच्या कोपऱ्याला ओळंबा लावून काहीतरी म्हणाले. मला कोरियन येत नाही, पण इतक्या महिन्यांत मला वाक्याची लांबी कळायला लागली होती. पार्क जेवढं बोलत, तेवढंच बात्बायर बोले. त्या दिवशी पार्कचं वाक्य संपलं, बात्बायरने सुरुवात केली, आणि त्याचं वाक्य संपेना.

काय घडलं ते त्याने मला त्याच संध्याकाळी शब्दन् शब्द सांगितलं. पार्क म्हणाले होते, "कोपरा दोन सेंटिमीटर बाहेर आहे, पाडून पुन्हा करा." बात्बायर म्हणाला, "कोपरा दोन सेंटिमीटर बाहेर आहे, पाडून पुन्हा करा. दुल्मा जिवंत आहे. डोळ्यांनी कमी दिसतं. केस कापताना रडणारी मुलगी तिला आठवते."

हे पार्कनाही कळलं, अर्थातच. ते ओळंब्याकडे बघत राहिले. ओळंबा हलायचा थांबला. मग त्यांनी एक लहान प्रश्न विचारला. बात्बायरने तो रीला सांगितला. "आईचं वय काय?" री म्हणाला, "सत्तावन्न." बात्बायरने पार्कना सांगितलं, "सत्तावन्न." पार्कनी ओळंबा गुंडाळला, खिशात टाकला आणि म्हणाले, "कोपरा राहू दे. ठीक आहे." बात्बायर रीला म्हणाला, "कोपरा राहू दे. ठीक आहे."

पार्कनी त्याआधी एकही वाकडी भिंत सोडली नव्हती.

मला हे सांगताना बात्बायर खाटेवर बसला होता. त्याने नियम मोडला होता आणि तो खूश होता. मामांनी त्याला साखरेचा चहा करून दिला आणि त्याने तो पिऊनही टाकला. "किसी को मत बोलो" असं तो म्हणाला नाही. तसं म्हणावं लागेल हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

मी पुढच्या शुक्रवारी लिहायला बसलो. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. दोन सत्तांच्या चरकातली बावीस माणसं, त्यांची हिरावलेली भाषा, त्यांचे कुलूपबंद पासपोर्ट. आणि तिसऱ्या परिच्छेदात ती आई, ते बालगृह, ती चाल. वडिलांनी शिकवलेला नियम मी काटेकोर पाळला: माणसाचं नाव लिहायचं नाही, कंपनीचं लिहायचं नाही, जागेचं लिहायचं नाही, म्हणजे माणूस सुरक्षित. गिरणीत तो नियम बरोबर होता. तिथे शेकडो कामगार, कोण बोललं हे मालकाला कधी कळत नसे. इथे मी लिहिलं होतं, "आखातातल्या एका बांधकामावरचा एक गवंडी, ज्याची आई मंगोलियात वाढली." असे गवंडी जगात किती असतील याचा मी विचार केला नाही. नाव लिहिलं नाही, एवढ्यावर मी समाधानी होतो.

पत्रक सोलापूरच्या एका अनियतकालिकाने छापलं. तिथल्या कुणाला तरी आवडलं, त्याने इंग्रजी केलं, ते स्थलांतरित मजुरांसाठी काम करणाऱ्या एका गटाच्या वार्तापत्रात आलं. मला कळलं ते असं: एका सकाळी वही द्यायला केबिनमध्ये गेलो तर फॅक्स मशीनमधून एक कागद बाहेर येत होता. वर कॅप्टनचं नाव. खाली माझं पत्रक, इंग्रजीत. तिसऱ्या परिच्छेदाच्या प्रत्येक ओळीखाली पेनने रेघ होती. कुणी पाठवला, कुठून, ते नीट उमटलं नव्हतं.

त्या वेळी मला काय वाटलं ते मी इथे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. पत्रक पोचलं, असं वाटलं. रेघा कुणाला तरी आवडलं म्हणून मारल्या आहेत असं वाटलं. मी तो कागद बाहेर नेऊन शिर्केमामांना दाखवला. "काय पुढारी, इंग्रजीत गेलात?" मामा म्हणाले. मग त्यांनी वरचं नाव वाचलं. "हा कागद कॅप्टनला कशाला?" मी म्हणालो, "कळू दे त्यालाही." आणि परत जाऊन तो कॅप्टनच्या ट्रेमध्ये ठेवला. माझ्या हाताने. फाडायला एक क्षण लागला असता.

दोन दिवसांनी हजेरीला री नव्हता. बाकीचे एकवीस ओळीत उभे होते. मी वहीत त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. कॅप्टनने बोट ठेवून ते नावच खोडायला लावलं. आठवड्याने ते एकवीसही गेले आणि दुसऱ्या देशाचे गवंडी आले. पार्कना कुठेतरी बदलून पाठवलं. आता साइटवर सगळे हिंदीत बोलत. मध्ये कुणाची गरज उरली नव्हती.

बात्बायरचा व्हिसा रद्द झाला. तो एका गुरुवारी सकाळी गेला. बूट, दोन पँट, मिठाचा डबा. कंपनीची गाडी खाली उभी होती. मी म्हणालो, "मी नाव लिहिलं नव्हतं."

"मालूम है. वो इंग्लिश कागज मैं पढ़ा. अच्छा लिखा." त्याने पिशवीची चेन लावली. "उसको पूछा?"

"नाही."

"मेरे को पूछा?"

"नाही."

त्याने मान हलवली, एखादं वाक्य पोचवून झाल्यावर हलवायचा तशी. मग म्हणाला, "मेरा भी गलती है. तुमको बोलने से पहले, मैं भी उसको नहीं पूछा." मामांनी त्याला आमसुलांची पुडी दिली. ती त्याने कोटाच्या खिशात ठेवली. "खलास," तो म्हणाला, आणि जिना उतरला. मी वरून पाहिलं नाही. कामाची बस यायची होती, मी डबा भरत होतो.

त्यानंतर मी बराच काळ काही लिहिलं नाही. ठरवून नाही. कागद समोर असे, पेन असे, आणि मी हजेरीच्या वहीत उद्याच्या तारखा टाकत बसे. काही वाटत नसे. रडू आलं असतं तर बरं झालं असतं असं मामा म्हणायचे. एकदा त्या गोदामात जावं लागलं. पूर्वेचा कोपरा अजून दोन सेंटिमीटर बाहेर आहे. खडूची फुली कुठे असेल ते मी पावलांनी मोजून पाहिलं. तिथे आता खोक्यांची थप्पी होती.

दोन वर्षांनी मी बात्बायरला त्याने दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवलं. तुझ्यावर लिहू का, आणि रीचं काही कळलं का, एवढंच विचारलं. उत्तर आलं. रोमन लिपीत, त्याच्या हिंदीत, तीन ओळी: "दूतावास फिर खुला. बरनी वापस दिया. मेरा लिखो, उसका नहीं." रीबद्दल दुसरं काही नव्हतं. ज्या माणसाने बरणी इतकी वर्षं ठेवली, त्याने तिथे गेल्यावर त्या बावीसांबद्दल विचारलं असेल का? विचारायचं की नाही हे ठरवताना तो दारात किती वेळ उभा राहिला असेल? मला माहीत नाही.

म्हणून इथे मी बात्बायरचं लिहिलं आहे. रीचं आडनाव हे नाही. आईची खूण ही चाल नव्हती, दुसरीच होती, आणि वयही वेगळं होतं. जे बदलता आलं ते सगळं बदललं आहे.

पण ते जुनं पत्रक मला बदलता येत नाही. ते त्या अनियतकालिकाच्या अंकात आहे, नंतर दोन संग्रहांत छापलं गेलं, आणि मला सांगतात की अजून काही सभांमध्ये मोठ्याने वाचलं जातं, विशेषतः तिसरा परिच्छेद. तो "आणि ऐका" या शब्दांनी सुरू होतो. तुमच्याकडे तो अंक असेल, तुमच्या वाचनालयात असेल, तर एक करा. पेन घ्या आणि तो परिच्छेद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोडून टाका, खालचं अक्षर दिसणार नाही असा. सभेत कुणी तो वाचायला उभं राहिलं, तर त्याला थांबवा आणि विचारा: पूछा?